डक्टमधली धूळ आणि चुलीतला धूर

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. मधले दोन महिने ऑफिसातलं रिलीज आणि घरातले गणपती यांत कसे गेले कळलंच नाही. असो. आज लिहायला कारण घडलं ते असं, की मागच्या शनिवारी एका मित्राच्या बंगल्यावर शिडीवर चढून फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालायचा योग आला. तिथे जे दिसलं त्यावरून डोक्यात चक्र सुरू झालं, आणि ते उतरवून काढल्याशिवाय सोमवारी कामात लक्ष लागणार नाही.

मित्र कॉलेजचा. त्याला आपण सुन्या म्हणू. (खरं नाव लिहिलं तर पुढच्या वेळी चहा मिळणार नाही.) त्याने काही वर्षांपूर्वी कर्जत-चौक रस्त्याला आत जाऊन एक बंगला बांधला. गच्चीतून इर्शाळगड दिसतो, पावसाळ्यात समोरच्या डोंगरावरून पांढऱ्या रेघा उतरताना दिसतात. मुंबईच्या माणसाला आणखी काय पाहिजे? बंगल्यात त्याने साधे स्प्लिट एसी न लावता 'डक्टेबल' एसी लावला. म्हणजे एक मोठं यंत्र छताच्या वर लपवायचं, त्यातून पत्र्याचे चौकोनी बोगदे सगळ्या खोल्यांत फिरवायचे आणि भिंतीला फक्त जाळ्या दिसणार. दिसायला झकास.

गेल्या आठवड्यात सुन्याचा फोन. "अरे, पावसाळ्यानंतर घर उघडलं की कुबट वास येतो आणि पोरगा रात्रभर खोकतो. एका कंपनीने डक्ट क्लीनिंगचं कोटेशन दिलंय. अठ्ठावीस हजार अधिक जीएसटी. तू अमेरिकेत राहून आलायस, तिथे घराघरात डक्ट असतात. सांग, करू का?"

पोरगा नऊ वर्षांचा, त्याला दमा आहे. त्यामुळे प्रश्न अठ्ठावीस हजारांचा नव्हता. बापाला पोराचा खोकला ऐकवत नव्हता, आणि अशा वेळी माणूस कोटेशनवर सही करायला एका पायावर तयार असतो. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

आता आधी थोडं अमेरिकापुराण. मी २००४ ते २००७ न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. तिकडे हिवाळ्यात घर गरम ठेवावं लागतं, म्हणून तळघरात एक भट्टी असते आणि तिची गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. उन्हाळ्यात त्याच डक्टमधून गार हवा. या डक्टमध्ये वर्षानुवर्षं धूळ, केस, मुलांनी जाळीतून टाकलेली खेळणी असं काय काय साठतं. त्यामुळे टपालपेटीत दर पंधरा दिवसांनी एक कुपन यायचं: 'तुमच्या घरचे डक्ट साफ करा, कुटुंबाला निरोगी ठेवा.' सोबत काळ्याकुट्ट डक्टचा फोटो आणि शेजारी चकाचक डक्टचा फोटो. आम्ही चार बॅचलर एका फ्लॅटमध्ये राहायचो, भांडीच आठवड्यातून एकदा घासायचो, तिथे डक्ट कोण साफ करतोय? कुपनं थेट कचऱ्यात जायची.

पण सुन्याला "आम्ही कुपनं फेकून द्यायचो" हे उत्तर देऊन भागणार नव्हतं. म्हणून जरा वाचन केलं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, हिने १९९७ साली याच प्रश्नावर सामान्य लोकांसाठी एक पुस्तिका काढली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं आजवर दाखवता आलेलं नाही. डक्ट घाण असल्यामुळे घरातल्या हवेत धूळ वाढते, किंवा साफ केल्यावर ती कमी होते, हेही अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेचा निष्कर्षही त्याच वळणाचा होता.

हे वाचून आधी मला पटलं नाही. घाण आहे तर ती नाकात जाणारच ना? पण कारण बघितलं तर सोपं आहे. डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसलेली असते. ती तिथेच राहते. घरातल्या हवेत जी धूळ तरंगते ती मुख्यत्वे दुसरीकडून येते: रस्त्यावरून, चपलांतून, अंथरुणातून, स्वयंपाकातून, झाडू मारण्यातून. ईपीए तर सरळ म्हणते की स्वयंपाक, साफसफाई, सिगारेट किंवा नुसतं घरात वावरणं यांतून जेवढं प्रदूषण आपल्या वाट्याला येतं ते घाण डक्टमधून येणाऱ्यापेक्षा जास्त असू शकतं. आणि साफ करणाऱ्याने काम नीट केलं नाही, तर चिकटून बसलेली धूळ सुटी होऊन आहे त्यापेक्षा जास्त त्रास.

मग डक्ट कधीच साफ करू नयेत का? तसंही नाही. ईपीए तीन प्रसंग सांगते. एक, डक्टच्या आत किंवा एसीच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसेल अशी बुरशी असेल. दोन, आत उंदीर-झुरळांनी संसार थाटला असेल. तीन, धूळ इतकी साठली असेल की हवेची वाट अडलीये आणि जाळीतून कचरा खोलीत पडतोय. या तिन्हींपैकी काही नसेल तर पैसे वाचवा. आणि यांपैकी काही असेल, तर आधी त्याचं कारण दूर करा, नाहीतर पुन्हा तेच होणार. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढा अभ्यास करून मी शनिवारी सकाळची कर्जत लोकल पकडली. वांगणी, शेलू, नेरळ करत गाडी कर्जतला पोचली. स्टेशनवर बटाटेवडा खाल्ला (तो न खाता कर्जतला उतरणं हा गुन्हा आहे) आणि सुन्याच्या गाडीतून बंगल्यावर. मनात उत्तर तयार होतं: 'नको करूस, फसवणूक आहे.' पण मग शिडीवर चढलो.

टॉर्च मारल्यावर जे दिसलं त्याने माझं तयार उत्तर तिथेच पडलं. डक्टचा एक सांधा होता, त्याच्यावरची इन्शुलेशनची टेप सुटून लोंबत होती. त्या उघड्या पत्र्याखालच्या जिप्समवर काळे डाग, मधूनमधून हिरवट. यंत्राखालचा पाण्याचा ट्रे उलट्या बाजूला कललेला, त्यात इंचभर पाणी आणि वर बुळबुळीत साय. आणि यंत्राच्या तोंडाशी डक्टच्या आत आवाज कमी व्हावा म्हणून लावलेली ग्लासवूल ओली होऊन फुगलेली. म्हणजे ईपीएच्या यादीतला पहिला प्रसंग जसाच्या तसा समोर! मी वरूनच ओरडलो, "सुन्या, बुरशी आहे रे."

"म्हणजे करू ना क्लीनिंग?" खालून लगेच उत्तर.

इथे थांबून जरा भौतिकशास्त्र. घाबरू नका, दहावीतलंच आहे. कर्जत-खालापूर हा घाटाच्या पायथ्याचा पट्टा. चार महिन्यांत तीनेक मीटर पाऊस. जुलैमध्ये इथली हवा साधारण २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. अशा हवेचा दवबिंदू २५-२६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे त्याहून गार असलेली कुठलीही वस्तू त्या हवेत ठेवली की तिला घाम फुटणार. आता एसीच्या डक्टमधून १४ अंशांची हवा वाहते. पत्रा उघडा राहिला तर त्याला घाम फुटेल की नाही? शिवाय ही २८ अंशांची हवा १४ अंशांपर्यंत गार केली की दर घनमीटरमागे साधारण बारा ग्रॅम पाणी बाहेर पडतं. यंत्र दिवसभरात हजारो घनमीटर हवा फिरवतं. हिशेब तुम्हीच करा. ते सगळं पाणी त्या कललेल्या ट्रेमध्ये जाणार आणि तिथेच साचणार.

आणि हे झालं एसी चालू असताना. सुन्याचं कुटुंब जूनच्या मध्याला दार लावून जातं ते थेट सप्टेंबरअखेर येतं. तोवर घर बंद. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका असं ईपीए सांगते. आपल्याकडे बंद घरात महिनोन्‌महिने ती ऐंशी-नव्वदला असणार. कपाटातला चामड्याचा पट्टासुद्धा हिरवा होतो, तिथे ओल्या ग्लासवूलची काय कथा?

अमेरिकेतली जाहिरात धुळीची भीती दाखवते. कर्जतच्या डक्टचा आजार धूळ नव्हे, पाणी आहे. आणि कोटेशनमध्ये पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यात तीन ओळी होत्या: डक्ट क्लीनिंग, जंतुनाशक फॉगिंग, ओझोन ट्रीटमेंट. ट्रे सरळ करणं नाही, इन्शुलेशन नाही, ओली ग्लासवूल काढणं नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, सर्व्हरची डिस्क लॉग फायलींनी भरतेय, म्हणून दर महिन्याला माणूस बोलावून लॉग पुसून घ्यायचे, पण ज्या बगमुळे लॉग भरतायत त्याला हात लावायचा नाही. एएमसी मात्र चालू! :)

फॉगिंग आणि ओझोनबद्दल तर मी सुन्याला स्पष्टच नाही म्हणालो. ओझोन फुफ्फुसांना त्रास देतो, दमेकऱ्यांना जास्तच. माणसाला सुरक्षित म्हणावं इतक्या कमी प्रमाणात तो हवा फारशी साफ करत नाही, आणि साफ करण्याइतका वाढवला तर त्या खोलीत माणसाने थांबू नये. ज्या पोरासाठी हे सगळं चाललंय त्याच्याच खोलीत हा वायू कशाला सोडायचा? जंतुनाशकाचंही तसंच. ओली ग्लासवूल औषध मारून सुधारत नाही. ती काढून फेकायची आणि नवी बसवायची, एवढाच उपाय.

कंपनीच्या माणसाने सुन्याला लेजिओनेलाचीही भीती घातली होती. म्हणून तेही सांगून टाकतो. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, आणि संशय गेला तो हॉटेलच्या वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरवर. सुन्याच्या बंगल्यात कूलिंग टॉवर नाही. त्याचं यंत्र बाहेरच्या पंख्याच्या हवेने गार होतं. त्यामुळे ती गोष्ट इथे लागू नाही.

दुपारी जेवण झाल्यावर आणखी एक हिशेब मांडला. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो. आपला नेहमीचा स्प्लिट एसी काहीही आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि तीच परत सोडतो. सुन्याच्या डक्टेबललाही बाहेरच्या हवेची वाट ठेवलेली नव्हती. त्याची झोपायची खोली १४ बाय १२, उंची १० फूट. म्हणजे ४८ घनमीटर हवा. आत दोन मोठी माणसं आणि एक मूल झोपलंय. तिघं मिळून तासाला साधारण ३० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणजे दर तासाला सहाशेच्या वर पीपीएमची भर. बाहेरच्या हवेत तो ४२० च्या आसपास असतो. खिडक्या घट्ट बंद असतील तर तीन तासांत आकडा बावीसशेच्या घरात. फटींतून थोडी हवा येते, म्हणून प्रत्यक्षात काहीसा कमी. हा आकडा विषारी नाही, पण तो सांगतो की आपण एकमेकांनी सोडलेलीच हवा पुन्हा पुन्हा घेतोय. डक्ट आरशासारखा लख्ख केला तरी या आकड्यात एका पीपीएमचा फरक पडणार नाही. त्यासाठी खिडकीला फट ठेवा किंवा एक छोटा एक्झॉस्ट पंखा लावा.

आपल्या आजोबांच्या कौलारू घराला हा प्रश्नच नव्हता. कौलांच्या फटींतून घर आपोआप श्वास घ्यायचं. स्लॅब आणि स्लायडिंगच्या खिडक्या आल्या आणि घराचं नाक बंद झालं. (कौलं गळायची, विंचू पडायचे, तेही खरं. उगाच जुन्याचं कौतुक नको.)

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. सुन्या कागदावर यादी करत होता आणि मी तज्ज्ञाच्या थाटात बोलत होतो. तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून धुराचा लोट आत आला. पोरगा खोकायला लागला. वहिनींनी सवयीने उठून खिडकी लावली. मी विचारलं, "हा कुठला धूर?"

"मागे आमच्या केअरटेकरचं घर आहे ना, त्यांची चूल पेटली," सुन्या म्हणाला.

बंगल्याच्या मागे पन्नास पावलांवर दोन खोल्यांचं घर. नवरा, बायको, दोन मुली, जवळच्याच वाडीतले. नवरा बाग आणि बंगला सांभाळतो, बायको आल्यागेल्याचा स्वयंपाक करते. दुपारी आम्ही ज्या तांदळाच्या भाकऱ्यांवर ताव मारला, त्या तिनेच केलेल्या होत्या. मी मागे गेलो. दारातूनच डोळे चुरचुरायला लागले. पाऊस नुकताच सरलेला, लाकडं अजून ओलसर, आणि छपराला नवा पत्रा. त्यामुळे धुराला जायला वाटच नाही. धाकटी मुलगी, असेल सहा वर्षांची, चुलीजवळ बसून खोकत होती. आमचा पोरगा खोकत होता तसाच खोकला. फरक एवढाच, की हिच्यासाठी कुणी कोटेशन मागवलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला जरा शरम वाटली. सकाळपासून मी 'घरातली हवा' या विषयावर प्रवचन देत होतो, आणि या आवारातली सगळ्यात वाईट हवा कुठे आहे हे मला धूर नाकात जाईपर्यंत सुचलंही नव्हतं.

ही काही नवी माहिती नाही. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ च्या सुमाराला गुजरातमधल्या खेड्यांत जाऊन चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं होतं, आणि आकडे शहरी प्रदूषणाला मागे टाकणारे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरगुती धुरामुळे २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं गेली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये पीटर बार्न्स यांच्यासोबत लिहिलेल्या लेखाचा विषयच हा होता की कधी सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही सीओपीडी होतो, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे चुलीचा धूर. डक्टच्या बाबतीत पंचवीस-तीस वर्षांत जे दाखवता आलं नाही, ते चुलीच्या बाबतीत केव्हाच दाखवून झालंय.

पण मोजपट्टी दोन्हीकडे एकच लावायला हवी, म्हणून हेही सांगतो. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपला तमिळनाडू इथे सुमारे ३२०० गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना दीड वर्ष गॅस फुकट दिला. धूर चांगलाच कमी झाला. पण २०२२ साली निकाल आला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात फरक नव्हता, आणि २०२४ साली आलेल्या निकालात तान्ह्या मुलांच्या न्यूमोनियातही नव्हता. म्हणजे गॅस आला की सगळे आजार पळाले, असं नाही. पण फुफ्फुसांचं नुकसान वीस-तीस वर्षांच्या धुराने होतं, ते दीड वर्षाच्या प्रयोगात दिसणार कसं? आणि डोळ्यांतलं पाणी, काजळलेल्या भिंती, लाकडासाठीची पायपीट यांना प्रयोगाचा पुरावा लागत नाही.

तर मी लगेच इंजिनिअरच्या आवेशात तिला म्हणालो, "ताई, इथे वर एक पत्र्याचं धुराडं बसवून घेऊ. सगळा धूर बाहेर जाईल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की सकाळी मी त्या कोटेशनकडे बघितलं होतं. "धूर गेला की डास येतात ना दादा. आणि ते बघा." तिने वर बोट दाखवलं. चुलीच्या वर दोरीला मक्याची कणसं, बियाणाची गाठोडी आणि सुकटाची पिशवी लटकत होती. "धुरामुळे किडा लागत नाही. वाशाला वाळवी पण नाही."

म्हणजे तो धूर बिनकामाचा नव्हता! तो त्या घरातला डास मारणारा, धान्य राखणारा, लाकूड टिकवणारा होता. आम्ही ज्याला बग म्हणत होतो, त्याच्यावर तिची तीन कामं अवलंबून होती. आणि धूर काढला तर डासांसाठी काय येणार? मच्छरची कॉईल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉईल जाळून मोजलं होतं: एका कॉईलमधून निघणारा बारीक धूर, म्हणजे पीएम २.५, हा ७५ ते १३७ सिगारेटींएवढा. चुलीतून सुटून कॉईलमध्ये अडकायचं! (तुमच्याआमच्या फ्लॅटमध्ये रात्री खिडक्या लावून कॉईल जाळणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

मी खाली पाटावर बसलो आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. विचारलं, "मग तुम्हाला काय सोयीचं पडेल?" आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात, आणि ते न करता कोड लिहायला घेतला की काय होतं हे मला पगारातून शिकवलेलं आहे.

तिच्याकडे उत्तर तयार होतं. उज्ज्वलातला गॅस घरात होता. ती योजना २०१६ साली सुरू झाली आणि देशभर दहा कोटींच्या वर जोडण्या दिल्या गेल्या, त्यातलीच ही एक. पण शेगडीवर फक्त चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक. एकच सिलिंडर, तो संपला की दुसरा आणायला पैसे लागतात आणि नवऱ्याचा अर्धा दिवस मोडतो. म्हणून जपून वापरायचा. आणि सगळ्यात जास्त लाकूड भाकरीला लागत नाही, लागतं ते अंघोळीच्या पाण्याला. "पाण्याची चूल बाहेर पडवीत गेली तरी पुष्कळ झालं," ती म्हणाली. "तिथे पत्रा टाकून द्या, पावसात भिजायला नको. लाकडं पण तिथंच कोरडी राहतील."

बघा. धुराड्याहून स्वस्त, धुराड्याहून शहाणं. लाकूड कोरडं राहिलं की जो धूर होईल तोही कमी, आणि तो बाहेर. बियाणं मात्र तिला चुलीवरच हवंय, म्हणून आतली चूल राहणार, पण दिवसातून थोडाच वेळ पेटणार. डासांसाठी कॉईल नको, मच्छरदाण्या. त्या तिने स्वतः मागितल्या.

रात्री गच्चीत बसून सुन्याने यादी नव्याने लिहिली. पहिलं, ट्रेचा उतार सरळ करणं आणि पाण्याची नळी मोकळी करणं. दुसरं, सुटलेलं इन्शुलेशन, ओली ग्लासवूल आणि काळं पडलेलं जिप्सम काढून नवं घालणं. तिसरं, कॉईल धुणं. हे सगळं झाल्यावर, कोरडं झाल्यावर, शेवटी डक्टचा जो भाग खराब झालाय तेवढाच साफ करून घेणं. त्यासाठी येणाऱ्याला तीन प्रश्न: ओढलेली धूळ बाहेर सोडणार की खोलीतच? आत कुठलं रसायन मारणार आहात का? आणि आधीचे-नंतरचे फोटो माझ्याच डक्टचे देणार ना? फॉगिंग आणि ओझोनवर काट. मुलाच्या खोलीला एक्झॉस्ट पंखा. पुढच्या पावसाळ्यासाठी आर्द्रता शोषणारं एक यंत्र, कारण जुलैत नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही, बाहेरची हवाच ओली असते. खिडक्या उघडायच्या त्या ऊन पडल्यावर.

आणि त्याच यादीत, त्याच कागदावर: पडवीचा पत्रा, चार मच्छरदाण्या, दुसरा सिलिंडर, आणि भरून आणायचा खर्च पगारात धरलेला. सुन्या म्हणाला, "हे सगळं धरून अठ्ठावीस हजारांच्या थोडं वर जातंय रे." मग जरा वेळाने स्वतःच म्हणाला, "पण तो धूर आपल्याच खिडकीत येतो ना."

हेच मला सांगायचं होतं. त्याचा हेतू थोडा स्वार्थी असला तरी काही बिघडत नाही, हवेला कंपाउंड कळत नाही.

पोराचा खोकला थांबेल का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दमा हा दमा आहे, त्याचा इनहेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू राहायला हवा. घराची दुरुस्ती म्हणजे औषध नव्हे. पण ओली बुरशी आणि धूर हे दोन्ही दमेकऱ्याला त्रास देतात यात शंका नाही, आणि ते दोन्ही कमी करणं आपल्या हातात आहे.

तर मंडळी, तुम्हाला कुणी डक्ट साफ करा, एसी 'सॅनिटाइज' करा म्हणून फोन केला, तर आधी शिडी लावा आणि स्वतः बघा. पाणी कुठून येतंय ते शोधा. आपल्या घरात काय काय जळतंय ते मोजा: चूल, कॉईल, उदबत्ती, धूप, सिगारेट. ते कमी करा. खिडकी उघडा. एवढं करून पैसे उरलेच तर डक्टचं बघू.

आणि शिडीवरून उतरल्यावर जरा घराच्या मागच्या बाजूलाही चक्कर मारून या.

चूभूद्याघ्या. पुढच्या शनिवारी भेटू, रिलीजने सोडलं तर.